रविवारी रात्री मेस बंद असते तेव्हा

आठवड्याचे सहा दिवस आपण मेसच्या भाजीला नावं ठेवतो आणि सातव्या दिवशी रात्री मेस बंद असली की त्याच भाजीची आठवण काढतो. मग काय करायचं? बहुतेक जण रूमवर मॅगी करतात. काही जण गेटबाहेरच्या गाडीवर फ्राइड राइस खातात. ज्यांना कंपनी असते ते मॉलमध्ये जातात आणि महिन्याचा पॉकेटमनी एका संध्याकाळी उडवून येतात. फर्स्ट इयरच्या मुलांचं तर विचारूच नका. घर सोडून पहिल्यांदाच बाहेर आलेला मुलगा रविवारी रात्री कॉटवर पडून घरी फोन लावतो आणि ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘हो’ असं खोटं उत्तर देतो.

हा लेख त्याच्यासाठी आहे. तसा तो शेवटच्या वर्षाला येऊनही चर्चगेट आणि सीएसएमटी यांच्यामध्ये काय आहे हे न पाहिलेल्यांसाठीही आहे, आणि बाहेरगावाहून नव्याने रुजू झालेल्या सरांसाठी, मॅडमसाठीही आहे.

‘मुंबईत कुठे खावं, काय बघावं’ याच्या याद्या भरपूर मिळतात. पण यादी पाठ करून मुंबई कळत नाही, जसे फॉर्म्युले पाठ करून थर्मो कळत नाही. डेरिव्हेशन माहीत असेल तर फॉर्म्युला विसरला तरी चालतो! म्हणून आधी मुंबईच्या खाण्याचं डेरिव्हेशन सांगतो.

एकट्या माणसांचं शहर

मुंबईत पोटभर आणि स्वस्त खाणं कुठे मिळतं? जिथे एके काळी एकटी माणसं राहायची तिथे. एवढा एकच नियम लक्षात ठेवा.

१८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली. १८५४ साली कावसजी दावर यांनी कापडगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ताडदेवला ती गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरण्या, गोदी, रेल्वे, कचेऱ्या यांनी माणसं ओढून घेतली. कोकणातून, घाटावरून, उडुपीहून, तामिळ मुलखातून, उत्तरेतून, इतकंच काय इराणातूनही माणसं आली. यातले बहुतेक पुरुष एकटेच आले. बायको-मुलं गावी. इथे राहायला दहा-पंधरा जणांत एक खोली. स्वतःचं स्वयंपाकघर नाही, वेळ नाही, हातात पैसा मोजका.

आता सांगा, हे वर्णन कोणाचं आहे? आपलंच ना! एका खोलीत तिघे-चौघे, कॉटखाली ट्रंक, स्वयंपाकाला परवानगी नाही आणि महिनाअखेरीला खिशात खडखडाट. म्हणजे या शहराने दीडशे वर्षं ज्या माणसाला जेवू घालायची सोय केली, तो माणूस आपल्यासारखाच होता. प्रत्येक जमातीने, प्रत्येक धंद्याने ही सोय आपापल्या पद्धतीने केली आणि ती जिथे केली त्याच्या आजूबाजूला बघण्यासारखंही बरंच आहे. चला तर, एकेक भाग घेऊ.

गिरणगाव : मेसची आजी

चिंचपोकळी, करी रोड, लालबाग, परळ हा सगळा गिरणगावचा पट्टा. इथल्या कामगारांना जेवू घालायच्या त्या खाणावळवाल्या बायका. कोणाचा नवरा गेलेला, कोणाच्या घरी मिळकत तुटपुंजी. आपल्याच दहा बाय दहाच्या खोलीत चूल पेटवायची आणि दहा-वीस कामगारांना दोन वेळचं जेवण घालायचं. पाळी सुटेल त्या वेळेला ताट तयार. पैसे पगाराच्या दिवशी. कोकणातल्या माणसाला माशाची आमटी-भात आणि घाटावरच्याला भाकरी-कालवण, म्हणजे गावचीच चव. आपली मेस म्हणजे याच खाणावळीची नात. महिन्याचं बिल, ठरलेल्या वेळा, रविवारचा चेंज आणि स्वयंपाकावर रोजची कुरकुर, सगळं वारशाने आलंय!

या बायकांचं अर्थकारण फार नाजूक होतं. वाण्याकडून उधारीवर किराणा आणायचा, सावकाराचं व्याज भरायचं, आणि कामगाराचा पगार अडला की हिचंही सगळं अडायचं. गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, ते या खाणावळवाल्यांना संघटित करून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप रीतसर मागे घेतला गेला नाही, पण गिरण्या मात्र एकेक करून बंद पडत गेल्या. जेवणारेच गेले तेव्हा खाणावळीही गेल्या.

आज तिथे बघायचं काय? करी रोडला उतरा. लालबागच्या मसाल्याच्या बाजारात जा. ढीग लावलेल्या मिरच्या निवडून घ्यायच्या, तिथेच भाजून घ्यायच्या, तिथेच डंकावर कुटून घ्यायच्या. एप्रिल-मे महिन्यात गेलात तर शिंकल्याशिवाय परत येणार नाही. जवळच चिवड्याची गल्ली आहे. रूमवर ठेवायला अर्धा किलो चिवडा घेतला तर निदान दोन दिवस तरी टिकतो (रूममेट प्रामाणिक असतील तर). भारतमाता नाक्याजवळ लाडू सम्राटमध्ये लाडवांबरोबर गरम वडे, मिसळ असे मराठी पदार्थ मिळतात. आणि गणपतीत आलात तर १९३४ पासून बसणाऱ्या लालबागच्या राजाच्या रांगेचं वेगळं सांगायला नकोच.

तिथून लोअर परळच्या फिनिक्स मॉलपर्यंत गेलात तर आत जाण्याआधी मान वर करून चिमणी बघा. तो मॉल पूर्वी फिनिक्स मिल होता. आपण ज्या ठिकाणी पाचशे रुपयांचा पिझ्झा खातो, तिथल्या माणसांना कोणीतरी उधारीवर भाकरी घालत होतं, एवढं ध्यानात असलं म्हणजे झालं.

परळलाच बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून दोन दशकांहून अधिक काळ राहिले. अभ्यासाला जागा नाही, रूममध्ये गडबड असते, अशी तक्रार करणाऱ्यांनी ती चाळ बाहेरून तरी बघून यावी.

माटुंगा : आपल्या दारातलं दक्षिण

लालबागचा कामगार हाताने काम करायचा, तर माटुंग्याला आलेला माणूस लेखणी आणि टाइपरायटर घेऊन आला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीची वस्ती मोकळी करण्यासाठी १८९८ साली बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याचा भाग आखून वसवला. रुंद रस्ते, झाडं, मधे मधे बागा हे सगळं त्या आखणीतलं. सिव्हिलवाल्यांनी टाउन प्लॅनिंगच्या पेपरआधी फाइव्ह गार्डन्सला एक चक्कर मारावी, निम्मा सिलॅबस तिथेच दिसतो.

या नव्या वस्तीत दक्षिणेतून आलेले कारकून, टायपिस्ट, हिशेबनीस राहायला आले. त्यांना सांबार-रसम-ताक-भात हवा होता, तोही रोज. त्यातून ‘बोर्डिंग’ नावाचा प्रकार आला. बोर्डिंग म्हणजे हॉटेल नव्हे, मेनू कार्डातून निवडायचं काही नसतं. ठरलेलं पूर्ण जेवण, ठरलेल्या वेळी. माटुंगा स्टेशनला लागून मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ए. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग आहे, १९४२ पासूनचं. लहानपणीच गाव सोडून मुंबईत आलेल्या आणि पडेल ते काम करत वर आलेल्या माणसाने ते सुरू केलं. केळीच्या पानावर जेवण येतं आणि वाढपी थांबत नाहीत. भूक चांगली लागल्याशिवाय जाऊ नका. इथे तासभर गप्पा मारत बसायचं नसतं, कारण मागे लोक उभे असतात.

नाश्त्याला स्टेशनजवळचं राम आश्रय (१९३९) किंवा किंग्ज सर्कलजवळचं कॅफे मद्रास. रविवारी सकाळी नऊनंतर दोन्हीकडे रांग असते, म्हणून साडेसातला पोहोचा. ‘रविवारी साडेसातला कोण उठणार?’ असं म्हणाल, पण सबमिशनच्या आदल्या रात्री जागलेल्यांना ही वेळ सहज जमते. जागेच असता की! रसम वडा, पोडी इडली, उपमा आणि वर फिल्टर कॉफी. कॉफी पेल्यातून वाटीत ओतून निववायची आणि मग प्यायची.

माटुंग्यात बघण्यासारखं म्हणजे स्टेशनबाहेरची फुलांची दुकानं, त्यांत केळीची पानं आणि मोगऱ्याचे गजरे. महेश्वरी उद्यानाजवळ फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात. मागच्या बॅचची पुस्तकं अर्ध्या किमतीत, वर महत्त्वाच्या प्रश्नांना खुणा फुकट. हिंदू कॉलनीत बाबासाहेबांनी बांधलेलं राजगृह आहे. पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून घर बांधणारा माणूस दुसरा सांगता येणार नाही. आणि माटुंगा स्टेशनचंही एक वैशिष्ट्य आहे. २०१७ पासून ते संपूर्ण महिला कर्मचाऱ्यांनी चालवलेलं स्टेशन म्हणून ओळखलं जातं.

नवीन लोकांना एक सूचना. माटुंगा मध्य रेल्वेवर, माटुंगा रोड पश्चिम रेल्वेवर आणि किंग्ज सर्कल हार्बरवर. पाहुण्यांना ‘माटुंग्याला उतरा’ एवढंच सांगू नका, ते भलतीकडेच उतरतील.

धोबी तलाव ते ओव्हल : इराण्याचा चहा आणि तीन तासांची पायपीट

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला इराणातल्या यझ्द, केरमान या भागांतून झरथोस्ती मंडळी मुंबईत आली. त्यांनी चहाची दुकानं टाकली, बहुतेक रस्त्याच्या कोपऱ्यावर. कोपऱ्याची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत आणि इराण्यांना ती स्वस्तात मिळे, अशी गोष्ट सांगतात. ते काहीही असो, फायदा इराण्याचा झाला. कोपऱ्यावर दोन रस्त्यांची गिऱ्हाइकं!

पण इराण्याचं खरं महत्त्व चहापेक्षा मोठं आहे. त्या काळात खाण्याच्या जागा जातीप्रमाणे आणि धर्माप्रमाणे वेगळ्या असायच्या. इराण्याला याच्याशी देणंघेणं नव्हतं. टेबलावर जागा रिकामी आहे ना, बस. गोदी कामगार, कारकून, कॉलेजचा पोरगा, टॅक्सीवाला एकाच संगमरवरी टेबलाला. आजही गर्दीच्या वेळी अनोळखी माणूस समोर येऊन बसला तर कपाळाला आठ्या घालायच्या नाहीत, ही तिथली जुनी रीत आहे.

मरीन लाइन्सला उतरून धोबी तलावावर या. कयानी आणि कंपनी १९०४ सालचं. थोड्या अंतरावर ससानियन, १९१३ सालचं. बन मस्का म्हणजे मऊ, ब्रुन मस्का म्हणजे कडक. ब्रुन चहात बुडवूनच खायचा, नाहीतर दाताचं काम निघेल. ‘पानी कम’ म्हटलं की चहा घट्ट येतो. नॉनव्हेजवाल्यांनी खिमा पाव, बाकीच्यांनी मावा केक. कयानीच्या समोर बस्तानी नावाचं असंच जुनं दुकान होतं. निसिम इझिकेल यांनी इराणी हॉटेलातल्या सूचनांच्या पाटीवर लिहिलेल्या कवितेमुळे ते अनेकांना माहीत आहे. ते बंद पडलं. म्हणून म्हणतो, जे आहे तिथे आधी जाऊन या.

खाऊन झालं की चालायला लागा. हा रस्ता असा :

पहिला थांबा सीएसएमटी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचं डिझाइन, बांधकाम १८७८ साली सुरू झालं, दहा वर्षं चाललं. २००४ पासून ही इमारत जागतिक वारसा आहे. आपण रोज तिच्या पोटातून धावत लोकल पकडतो, पण रस्ता ओलांडून समोर उभं राहून बघत नाही. दगडात कोरलेली पानं, माकडं, मोर, फाटकावरचा सिंह आणि वाघ नीट बघा. यातलं बरंच कोरीव काम जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. विद्यार्थ्यांचा प्रोजेक्ट असा दीडशे वर्षं टिकतो! आपला निदान डेमोपर्यंत तरी टिकावा.

समोर १८९३ साली पूर्ण झालेली महापालिकेची इमारत, तीही स्टीव्हन्स यांचीच. भूक पुन्हा लागली असेल तर स्टेशनसमोर आराममध्ये वडा किंवा पेरिन नरिमन स्ट्रीटवर पंचम पुरीवाला. हे दुकान दीडशे वर्षांहून जुनं असल्याचं सांगतात. गाडीतून उतरलेल्या उपाशी माणसाला पहिल्यांदा पुरी-भाजी देणारी जागा, म्हणजे आपला नियम इथेही लागू.

तिथून हुतात्मा चौक, मग हॉर्निमन सर्कल आणि एशियाटिकच्या पायऱ्या. १८३३ साली पूर्ण झालेला हा टाउन हॉल. पायऱ्यांवर बसायला पैसे पडत नाहीत. पुढे काळा घोडा. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, तिथे चित्रं बघायला तिकीट नाही. जवळच एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांसाठी हे तीर्थक्षेत्रच. बिडाच्या लोखंडाचे खांब आणि तुळया इंग्लंडात ओतून, जहाजाने आणून १८६० च्या दशकात इथे जोडलेल्या. प्रीफॅब्रिकेशन म्हणतात ते हेच. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंचे चित्रपट भारतात पहिल्यांदा दाखवले गेले तेही इथेच. इमारत धोकादायक म्हणून रिकामी केली आहे, त्यामुळे लांबूनच बघा.

शेवटी ओव्हल मैदान. मधे उभे राहा. पूर्वेला राजाबाई टॉवर, विद्यापीठ, हायकोर्ट. टॉवर १८७८ साली पूर्ण झालेला, उंची सुमारे ८५ मीटर, प्रेमचंद रायचंद यांच्या आईचं नाव. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती, गोल कोपरे, सरळ रेषा. मधे फक्त एक मैदान आणि साठ वर्षं. दगडाच्या कमानींपासून आरसीसीपर्यंतचा प्रवास मान एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे वळवून बघता येतो. २०१८ साली या दोन्ही बाजूंना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तिथून पाच मिनिटांत मरीन ड्राइव्ह. पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया (१९२३) आणि त्याचा बेरी पुलाव मुद्दामच या रस्त्यात घेतला नाही. ते दुपारीच उघडं असतं, रविवारी बंद असतं आणि आपल्या खिशाला जरा जड आहे. प्लेसमेंट झाल्यावर जा!

दादर : उभ्याने जेवण

खाणावळीला बसायला वेळ लागतो. पाळी संपवून लोकल गाठायची असेल तर? त्याचं उत्तर म्हणजे वडापाव. दादर स्टेशनबाहेर १९६६ साली अशोक वैद्य यांनी वडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. पाव पोर्तुगीजांकडून गोव्यामार्गे आलेला, बटाटाही परदेशी. पण दोन्ही एकत्र आल्यावर त्यांच्याइतकं मराठी दुसरं काही नाही. एका हातात मावतो, ताट लागत नाही, पाणी लागत नाही, चालता चालता संपतो. डिझाइनच्या दृष्टीने याच्यात सुधारणा सुचवता येत असेल तर जरूर सुचवा.

कीर्ती कॉलेजजवळचा अशोक वडापाव चुऱ्यासाठी प्रसिद्ध आहे. चुरा म्हणजे तळताना सुटलेले बेसनाचे कुरकुरीत कण. तिथून दादर चौपाटी आणि चैत्यभूमी चालत जाता येतं. ६ डिसेंबरला इथे देशभरातून माणसं येतात आणि आपल्या परीने एकमेकांना जेवू घालतात. त्या दिवशी शिवाजी पार्कवरचे पुस्तकांचे स्टॉल बघण्यासाठी तरी जा. एरवी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायला काहीच कारण लागत नाही.

घरच्या चवीची आठवण येत असेल तर शिवसेना भवनाच्या परिसरात आस्वाद आणि प्रकाश. साबुदाणा वडा, थालीपीठ, मिसळ, पियुष. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली परदेशात पुरस्कार मिळाला, तेव्हापासून रांग वाढली आहे. आईच्या हातचं नाही, पण मावशीच्या हातचं म्हणायला हरकत नाही.

गिरगाव आणि भेंडी बाजार

हे दोन्ही भाग थोडक्यात सांगतो, कारण जागा कमी आहे. (संपादकांनी आधीच डोळे वटारले आहेत.)

गिरगावात खोताची वाडी आहे. लाकडी जिने, सज्जे असलेले जुने बंगले. एके काळी साठ-पासष्ट होते, आता निम्म्याहूनही कमी उरलेत. इथलं अनंताश्रम म्हणजे माशाच्या जेवणासाठी नावाजलेली खाणावळ, तीही बंद झाली. जवळच केशवजी नाईक चाळ, १८९३ सालचा मुंबईतला पहिला सार्वजनिक गणपती इथला. वाडीत लोक राहतात, ते म्युझियम नाही. आवाज कमी आणि फोटो विचारून. गावदेवीच्या बाजूला मणिभवन, १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. आत जायला तिकीट नाही.

भेंडी बाजार आणि मोहम्मद अली रोडला नॉनव्हेज खाणाऱ्यांनी जावं. नूर मोहम्मदीची नल्ली निहारी प्रसिद्ध आहे. निहारी हा शब्द सकाळ या अर्थाच्या ‘नहार’वरून आला. रात्रभर मंद आचेवर शिजवायची आणि कष्टाच्या कामाला निघण्याआधी पहाटे खायची, म्हणजे पुन्हा कामकऱ्याचंच अन्न. रमझानमध्ये सूर्यास्तानंतर मिनारा मशिदीच्या गल्लीत गर्दीत उभं राहून मालपुवा आणि फिरनी खायची. ज्यांना गोडच हवं त्यांच्यासाठीही ही गल्ली आहे.

कान्हेरी : मुंबईतलं पहिलं हॉस्टेल

आता जरा लांब जाऊ. बोरिवलीला उतरा, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात शिरा, आत बसने किंवा सायकलने कान्हेरीला जा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे जवळजवळ हजार वर्षं इथे लेणी खोदली जात होती. शंभरहून जास्त लेणी आहेत आणि त्यांतल्या बहुतेक म्हणजे राहायच्या खोल्या! घर सोडून शिकायला आलेले भिक्षू इथे राहायचे. खोलीत दगडी ओटा, तीच कॉट. बाहेर बसायला व्हरांडा. जवळजवळ प्रत्येक खोलीशेजारी पाण्याचं टाकं, आणि डोंगरावरचं पावसाचं पाणी त्यात येण्यासाठी कातळात खोदलेल्या पन्हळी. एवढ्या लोकांना पाणी पुरवायचं तर पावसाचाच थेंबन् थेंब साठवायचा, हे त्यांनी मोटारपंपाशिवाय करून दाखवलं.

अकरा नंबरच्या लेण्यात दोन लांब, ठेंगणे दगडी ओटे समोरासमोर आहेत. भिक्षू तिथे ओळीने बसून पाठ ऐकत किंवा जेवत असावेत, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे ही झाली मेस. आणि खर्च कोण करायचं? कल्याण, सोपारा इथल्या व्यापाऱ्यांनी, सामान्य गृहस्थांनी, बायकांनी दिलेल्या दानांचे शिलालेख तिथे आहेत. एकट्या माणसांना जेवू घालायची या भागाची सवय इतकी जुनी आहे!

कान्हेरी सोमवारी बंद असते. पाणी आणि डबा बरोबर न्या, आणि तो माकडांपासून सांभाळा. पावसाळ्यात टाकी आणि पन्हळी भरून वाहतात तेव्हा सगळं गणित डोळ्यांपुढे उलगडतं, पण कातळ निसरडा असतो, तेव्हा उगाच शौर्य दाखवू नका.

काही कामाच्या गोष्टी

१) रविवारी निघण्याआधी मेगाब्लॉक बघा. मध्य आणि हार्बर मार्गावर रविवारी दुपारी गाड्या वळवतात किंवा बंद ठेवतात. सकाळी लवकर निघालात तर हा प्रश्न येत नाही.

२) भूमिगत मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली आहे. दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक ही सगळी स्टेशनं तिच्यावर आहेत. लोकलपेक्षा महाग, पण उन्हाळ्यात थंडगार.

३) तिघे-चौघे जा. एकदम बारा जणांचा घोळका नेला तर इराण्याकडे टेबल मिळत नाही आणि बोर्डिंगमध्ये सगळ्यांचीच पंचाईत होते.

४) जुन्या जागांमध्ये वेळा ठरलेल्या असतात. दुपारी तीन ते सात बऱ्याच ठिकाणी जेवण मिळत नाही. सुटे पैसे जवळ असू द्या.

५) कधी आठवड्यात सुट्टी मिळाली तर सकाळी साडेअकराच्या सुमाराला चर्चगेटबाहेर उभे राहा. डबेवाले डबे उतरवून वाटणी करत असतात. १८९० पासूनची ही पद्धत डब्यावरच्या आकड्या-अक्षरांच्या खुणांवर चालते. कॉम्प्युटरवाल्यांनी रूटिंगचा धडा तिथे प्रत्यक्ष बघावा.

शेवटी एकच

वर सांगितलेल्या जागांमध्ये एक गोष्ट समान आहे. तिथे एकट्याने जाऊन जेवायला संकोच वाटत नाही. महागड्या रेस्टॉरंटमध्ये ‘किती जण?’ असं विचारतात आणि ‘एकच’ म्हणताना आपल्याला उगाच कसंतरी होतं. खाणावळ, बोर्डिंग, इराणी, वड्याची गाडी या जागाच मुळात एकट्या माणसासाठी काढलेल्या. तिथे एकटं जेवणारा हेच नेहमीचं गिऱ्हाईक.

पहिल्या सेमिस्टरला खूप जणांना वाटतं की हे शहर आपलं नाही, इथे आपलं कोणी नाही, परत जावं. असं वाटून बॅग भरणारेही असतात. त्यांनी परत जायचं की नाही हा त्यांचा प्रश्न, पण निर्णय रूमवर मॅगी खाऊन घेऊ नये. आधी एका रविवारी सकाळी बाहेर पडावं. आपल्यासारखेच लाखो जण ट्रंक घेऊन इथे आले, त्यांनाही पहिल्या महिन्यात असंच वाटलं असणार, आणि त्यांच्यासाठी कोणीतरी ताट वाढलं म्हणून ते टिकले. ते ताट अजून काही ठिकाणी वाढलं जातंय. अनंताश्रम, बस्तानी गेले. उरलेल्यांपैकी कोणतं कधी जाईल सांगता येत नाही, आणि ती चालतात ती आपण जातो म्हणून.

सीनियर्सना एक विनंती. येत्या रविवारी तुमच्या विंगमधल्या फर्स्ट इयरच्या दोघा-तिघांना बरोबर घ्या. रॅगिंगला कायद्याने बंदी आहे, इडली खाऊ घालायला नाही!

मग काय, साडेसातला गेटवर भेटू?